गिऱ्हाइकाचं गिऱ्हाईक कोण आहे?

साकीनाका_हिशेबनीस
रविवार, रात्री १०:०५

साकीनाका, चांदिवली, भांडुपचा एलबीएस मार्ग या पट्ट्यातल्या गाळ्यांचे हिशेब आणि जीएसटी बघणं हे माझं काम. निव्वळ तोट्यामुळे बंद पडलेला गाळा मला क्वचितच दिसतो. ताळेबंदात नफा आहे, ऑर्डरी हातात आहेत आणि तरी कामगारांचा पगार निघत नाही, अशा अवस्थेत शटर खाली येतं. मालकाच्या तोंडी तेव्हा एकच वाक्य असतं: पेमेंट अडकलंय. हे पेमेंट नेमकं कुठे अडकतं आणि तिथून खाली कसं पसरत येतं, यावर नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा. इथे बँकेतले आहेत, रोखे बाजारातले आहेत, व्यापारी आहेत. भर घाला.

एक उदाहरण देतो. नावं देणार नाही, ओळख पटू नये म्हणून तपशीलही थोडे बदललेत. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणारा फॅब्रिकेटर. सेक्शन म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या विकत आणायच्या, पावडर कोटिंग बाहेरून करून घ्यायचं, काच बसवायची, साइटवर जाऊन फिटिंग करायचं. त्याच्याकडे पाच पार्ट्या होत्या; पाचही वेगळे कंत्राटदार, वेगळे जीएसटी नंबर. एक बुडाली तरी चार आहेत, असा त्याचा हिशेब. प्रत्यक्षात ते पाचही जण पूर्व उपनगरातल्या एकाच विकासकाच्या प्रकल्पांवर काम करत होते. एकाच खुंटीला टांगलेले पाच सदरे. विकासकाला कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेने पुढचा हप्ता सोडला नाही आणि पाचही ठिकाणची आरए बिलं (काम होईल तशी टप्प्याटप्प्याने लावायची बिलं) एकदम पास व्हायची थांबली.

पुढे काय झालं ते बघा. फॅब्रिकेटरने आधी काचवाल्याचे पैसे थांबवले, कारण काचवाला जुन्या ओळखीचा, ऐकून घेणारा. मग पावडर कोटिंगवाल्याचे. सेक्शनच्या व्यापाऱ्याला मात्र वेळेवर दिले, कारण तिथे थकवलं की माल बंद. आधी कोणाचे पैसे थांबतात याचा नियम मी इतकी वर्षं बघतोय: ज्याला ओरडता येत नाही त्याचे. कोटिंगवाल्याने गॅस आणि लाइटबिल भरलं, टेम्पोवाल्याचं भाडं थकवलं. टेम्पोवाल्याचा गाडीचा हप्ता चुकला. त्या विकासकाचं नावही टेम्पोवाल्याने कधी ऐकलेलं नव्हतं.

यात जीएसटीची भर. बिल फाडलं की कर लागू होतो, पैसे हातात आले की नाही हे कोणी विचारत नाही. १० लाखांचं काम असेल तर १८ टक्क्यांनी १ लाख ८० हजार; त्यातून खरेदीवरचा कर वजा करून उरलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायची. म्हणजे जे पैसे आलेच नाहीत त्यावरचा कर फॅब्रिकेटर स्वतःच्या खिशातून भरतो. उशीर झाला की व्याज सुरू.

आपण फक्त आपलं गिऱ्हाईक तपासतो. त्या गिऱ्हाइकाचं गिऱ्हाईक कोण, आणि त्याला पैसा कोण पुरवतं, हे तपासत नाही. माझ्या मते खरा धोका तिथे बसलेला असतो.

पतपुरवठा_विभाग
रविवार, रात्री ११:२०

हिशेबनीस, धाग्याबद्दल आभार. मी एका बँकेत छोट्या उद्योगांची कर्जं बघते. तुम्ही सांगितलेल्या गोष्टीची दुसरी बाजू आमच्या टेबलावर घडते आणि ती फार क्रूर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

अशा उद्योगाला बहुतेक वेळा कॅश क्रेडिट म्हणजे सीसी मर्यादा दिलेली असते. मंजूर मर्यादा ५० लाख असली तरी प्रत्यक्षात किती उचलता येईल हे दर महिन्याला ठरतं. त्याला ड्रॉइंग पॉवर म्हणतात. उद्योजक स्टॉक स्टेटमेंट देतो, त्यात माल किती आणि येणी किती ते लिहितो. येण्यांमधून साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जुनी बिलं वगळली जातात आणि उरलेल्यावर ठराविक मार्जिन कापलं जातं.

आता आकडे धरा. माल बाजूला ठेवू. येणी ८० लाख, मार्जिन २५ टक्के, म्हणजे ड्रॉइंग पॉवर ६० लाख. मर्यादा ५० लाख असल्याने ५० उचलता येतात, आणि त्याने ४८ उचललेत. सगळं नियमात. आता तुमच्या त्या विकासकाकडून येणारे ४० लाख ९० दिवस ओलांडतात. ती बिलं गणतीतून बाहेर. उरले ४० लाख, त्याचे ७५ टक्के ३० लाख. सकाळपर्यंत व्यवस्थित असलेलं खातं संध्याकाळी १८ लाखांनी जास्त उचललेलं दिसतं. त्याने एक रुपयाही नवीन काढलेला नाही.

याचा परिणाम असा की पैशांची गरज सर्वांत जास्त असते त्याच महिन्यात बँक हात आखडता घेते. काचवाल्याला दिलेला चेक परत जातो. काचवाल्याचंही खातं कुठल्यातरी बँकेत असतंच, त्याचीही येणी जुनी होतात, त्याचीही ड्रॉइंग पॉवर घसरते. एका ठिकाणचा उशीर दुसऱ्या ठिकाणी कर्जकपात होऊन उतरतो.

यात अधिकाऱ्याचा दोष काढणं सोपं आहे, पण नियमाला कारण आहे. येणी हेच आमचं तारण. ती वसूल होणार नसतील तर ठेवीदारांचा पैसा कशावर उभा? खातं ३० दिवसांपर्यंत थकलं की एसएमए-० (म्हणजे बँकेच्या धोक्याच्या यादीतली पहिली पायरी), त्यापुढे एसएमए-१, ६० दिवसांपुढे एसएमए-२ आणि ९० दिवसांपुढे एनपीए. एनपीएचा शिक्का बसला की दुसरी बँकही दारात उभं करत नाही.

म्हणून माझी कळकळीची विनंती: येणी ६० दिवसांवर गेली की बँकेशी बोला. ९१व्या दिवशी येऊन बोललात तर शाखेच्या हातात फार थोडं उरतं.

लोहारचाळ
सोमवार, सकाळी ८:४५

आम्ही केबल आणि स्विचगिअरचे व्यापारी, तीन पिढ्या. मॅडमनी बँकेचं लिहिलं ते शंभर टक्के बरोबर. आता बाजाराचं सांगतो.

बाजारात पैसे बुडायच्या आधी बातमी फिरते. अमक्याचा चेक परत गेला, तमक्याने चार महिन्यांची मुदत मागितली. खरं असो खोटं असो, संध्याकाळपर्यंत चार दुकानांत पोचलेलं असतं. दुसऱ्या दिवशी त्या पार्टीला सगळे सांगतात, आधी पैसे मग माल. काल ज्याला ६० दिवसांची उधारी होती त्याला आज रोखीने घ्यावं लागतं. चांगला चाललेला माणूससुद्धा यात महिन्याभरात आडवा होतो, कारण त्याचं भांडवल उधारीवरच उभं असतं. आणि मी त्याला उधारी दिली नाही तर मला कोणी दोष देऊ शकत नाही, कारण माझ्या डोक्यावर कंपनीचं बिल आहे. केबल कंपनीला तारखेला पैसे गेले नाहीत तर माझा डिस्काउंट जातो आणि पुढचा माल अडतो. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर वागतो आणि तरी सगळे मिळून एका माणसाला पाडतात.

सरकारने ४५ दिवसांत पैसे देण्याचा नियम आणला, चांगलं केलं. पण तो कारखानदार आणि सेवा देणाऱ्यांना. आम्ही व्यापारी त्यात नाही. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे, बँकेच्या प्राधान्य कर्जासाठी चालते, पण उशिरा आलेल्या पैशांसाठी नाही. फॅब्रिकेटरचे पैसे विकासकाकडे अडकले तर त्याच्यामागे कायदा आहे. माझे पैसे फॅब्रिकेटरकडे अडकले तर माझ्यामागे कोण?

साकीनाका_हिशेबनीस
सोमवार, सकाळी ९:३०

लोहारचाळ, तुमचा प्रश्न रास्त आहे. इतरांसाठी नियम थोडक्यात: २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) विकास कायद्यानुसार पैसे द्यायला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. कागदावर इतकं कडक व्याज मी दुसऱ्या कुठल्या कायद्यात पाहिलेलं नाही. मात्र ते मागणारा पुरवठादार विरळा, कारण मागितलं की पुढची ऑर्डर गेली.

४३बी(एच) या नावाने सगळे ओळखतात ती आयकरातली तरतूद आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झाली. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजावट म्हणून मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. तिचा धाक पहिल्यांदा जाणवला, कारण इथे पुरवठादाराला भांडावं लागत नाही. खरेदीदाराचा स्वतःचा लेखापरीक्षकच त्याला टोकतो. मध्यम उद्योग आणि व्यापारी मात्र बाहेरच राहिले. साखळीत व्यापारी मधोमध बसलेला असताना त्याला वगळणं मला पटत नाही.

स्पष्टवक्ता_परळ
सोमवार, दुपारी १:१०

थोडा वेगळा सूर लावतो. धंदा म्हटला की बुडणं आलंच. ज्याने एकाच विकासकावर विसंबून गाळा चालवला त्याने जोखीम घेतली, नफाही त्यानेच खाल्ला. प्रत्येक वेळी साखळी तुटेल म्हणून वरच्याला वाचवत बसलो तर वाईट विकासक कधीच बाजारातून जाणार नाही. आणि मुंबईतले गाजलेले घोटाळे घ्या: बहुतेक ठिकाणी मुळाशी लबाडी होती. संसर्ग वगैरे मोठे शब्द वापरून लबाडी झाकली जाऊ नये एवढंच.

रोखेबाजार
सोमवार, दुपारी ३:००

स्पष्टवक्ता, लबाडीला शिक्षा झालीच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण लबाडी फक्त भोक पाडते. पाणी कुठवर जाईल हे जोडणी ठरवते. २०१८ ते २०२० या काळात मी बीकेसीत याच बाजारात होतो, तेव्हाचा क्रम लिहितो.

आयएल अँड एफएस ही पायाभूत सुविधांना कर्ज देणारी आणि रस्ते-बोगदे बांधणारी संस्था. भागधारकांत एलआयसी, स्टेट बँक, एचडीएफसी. समूहावर सुमारे ९१ हजार कोटींचं कर्ज, ३००हून जास्त कंपन्या. ऑगस्ट २०१८पर्यंत तिचं पतमानांकन वरच्या पायऱ्यांवर होतं; सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ते ‘डी’ म्हणजे थकबाकीदार झालं. १ ऑक्टोबरला सरकारने एनसीएलटीच्या (कंपन्यांच्या न्यायाधिकरणाच्या) मुंबई खंडपीठाकडून संचालक मंडळ बरखास्त करून घेतलं आणि उदय कोटक यांच्या अध्यक्षतेखाली नवीन मंडळ बसवलं.

मधली एक तारीख महत्त्वाची. २१ सप्टेंबर २०१८, शुक्रवार. एका म्युच्युअल फंडाने डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचे सुमारे ३०० कोटींचे कमर्शियल पेपर (थोड्या मुदतीच्या, विनातारण कर्जाचे कागद) बाजारात चढ्या परताव्याने, म्हणजे स्वस्तात, विकल्याची बातमी आली. त्या दिवशी डीएचएफएलने कोणाचा एक रुपयाही थकवलेला नव्हता. दिवसअखेर शेअर ४० टक्क्यांहून जास्त पडलेला. लोहारचाळ यांनी लिहिलंय तेच, फक्त रकमा कोटींत.

असं का झालं? बिगर बँक वित्तसंस्था घरासाठी वीस वर्षांची आणि विकासकाला चार-पाच वर्षांची कर्जं देतात. त्यासाठीचा काही पैसा मात्र तीन महिन्यांच्या कमर्शियल पेपरमधून उभा करतात. मुदत संपली की जुना फेडून नवा काढायचा. तो नवा पेपर घेणारा म्हणजे मुख्यतः म्युच्युअल फंडांच्या लिक्विड योजना. आयएल अँड एफएसचे कागद याच योजनांकडे होते. त्यांची किंमत कोसळल्यावर कंपन्यांच्या खजिनदारांनी योजनांतून पैसे काढायला सुरुवात केली, आणि फंडांनी सगळ्याच वित्तसंस्थांचे पेपर घेताना हात राखला. नवा पेपर विकला गेला नाही की वित्तसंस्था जुना फेडायला रोकड साठवते. रोकड साठवायची म्हणजे विकासकाचा पुढचा हप्ता थांबवायचा. हिशेबनीसांच्या गोष्टीतला तो न आलेला हप्ता इथून निघतो. त्या काळात मुंबईतल्या बांधकामाला पैसा पुरवण्यात या वित्तसंस्थांचा वाटा फार मोठा होता, कारण बँका आधीच जुन्या बुडीत कर्जांनी जखमी होऊन मागे सरल्या होत्या.

पुढे जून २०१९मध्ये डीएचएफएलने व्याज थकवलं. नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने तिचं मंडळ बरखास्त केलं आणि दिवाळखोरी संहितेत गेलेली ती पहिली वित्तसंस्था ठरली. ऑगस्ट २०१९मध्ये एचडीआयएल ही बांधकाम कंपनी एनसीएलटीत दाखल झाली. डीएचएफएल आणि एचडीआयएल एकाच कुटुंबाच्या दोन शाखांच्या. २३ सप्टेंबर २०१९ला पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑप. (पीएमसी) बँकेवर निर्बंध आले. कर्जवाटपाचा ७० टक्क्यांहून मोठा भाग एचडीआयएल समूहाकडे आणि तो झाकायला २१ हजारांहून अधिक बनावट खाती, असं तपासात पुढे आलं. खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत १००० रुपये काढायची मुभा होती. मार्च २०२०मध्ये येस बँक. ५ तारखेला रात्री पैसे काढण्यावर ५० हजारांची मर्यादा आली आणि दुसऱ्या दिवशी फोनपे ठप्प, कारण त्यांचे यूपीआय व्यवहार येस बँकेमार्फत होत. ज्याचं येस बँकेत खातंही नव्हतं असा भाजीवाला त्या सकाळी पैसे घेऊ शकत नव्हता.

एचडीआयएल-पीएमसीची लबाडी आयएल अँड एफएसने घडवलेली नाही, ती जुनीच होती. पण बाजारात पैसा सैल असता तर ती अजून काही वर्षं झाकलेली राहिली असती. पैसा आटला की आधी सगळ्यात कमकुवत दुवे उघडे पडतात.

स्पष्टवक्ता_परळ
सोमवार, संध्याकाळी ५:४०

हे मांडणं पटलं. तरी वाचवायचं कोणाला, हा प्रश्न उरतो. विकासकाला वाचवण्यापेक्षा त्याच्याकडे अडकलेल्या लहान पुरवठादाराला आधी पैसे मिळावेत अशी काही सोय आहे का?

फोर्टची_वकील
सोमवार, रात्री ९:१५

सोय नाही, आणि यावर बोललं जात नाही म्हणून लिहितेय.

कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत दाखल झाली की दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ खाली स्थगिती लागते. तुमचा दावा, जप्ती, वसुली, सगळं थांबतं. चेक न वटल्याचा कलम १३८चा खटलाही कंपनीविरुद्ध पुढे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१मध्ये हे स्पष्ट केलं. संचालकांविरुद्ध व्यक्तिशः मात्र चालू राहतो, हे लक्षात ठेवा, कारण बऱ्याच जणांना सगळंच संपलं असं वाटून ते तारखांना जाणं सोडतात.

मग धनकोंची समिती बसते. तीत मुख्यतः बँका आणि वित्तसंस्था, म्हणजे ज्यांनी पैसे कर्जाऊ दिले ते. माल देणारा, सेवा देणारा ‘ऑपरेशनल क्रेडिटर’. त्याला त्या समितीत मत नाही. अवसायनात गेलं (म्हणजे कंपनी मोडून मालमत्ता विकायला काढली) तर कलम ५३चा क्रम: प्रक्रियेचा खर्च, मग सुरक्षित धनको आणि कामगारांची २४ महिन्यांची देणी बरोबरीने, मग इतर कर्मचारी, मग विनातारण वित्तीय धनको. पुरवठादार त्याच्याही खाली. एस्सार स्टीलच्या निकालात नोव्हेंबर २०१९मध्ये न्यायालयाने वाटपाचा निर्णय समितीचाच मानला. पुरवठादाराला अवसायनात जे मिळालं असतं त्यापेक्षा कमी देता येत नाही, हे खरं, पण अवसायनात बहुतेक वेळा शून्यच मिळालं असतं.

स्वतः अर्ज करायचा तर थकबाकी किमान १ कोटी हवी. ही मर्यादा मार्च २०२०पर्यंत १ लाख होती. कोविडमध्ये वाढवली ती तशीच राहिली. हेतू चांगला होता, आजारी कंपन्यांवर अर्जांचा पाऊस पडू नये. पण त्यामुळे साकीनाक्याच्या गाळेवाल्याच्या हातातलं एकमेव वजनदार हत्यार गेलं. आता त्याच्यासाठी एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार आणि सुविधा परिषद (थकलेल्या पैशांचे वाद सोडवणारी) हा रस्ता. वेळ लागतो, तरी एक गोष्ट चांगली: परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. मात्र खरेदीदार स्वतः दिवाळखोरीत जाण्याआधी तिथे पोचायला हवं. इथे घाई हाच खरा कायदेशीर सल्ला आहे.

गिरगावचा_वाचक
सोमवार, रात्री १०:३०

इतिहासातली एक भर. मुंबईने हे १८६५मध्ये पाहिलंय. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१पासून लँकेशायरला तिथला कापूस मिळेना, आपल्या कापसाचे भाव चढले, मुंबईत पैसा ओतला. बँका, वित्तसंस्था, बॅकबे भरावाच्या कंपन्या निघाल्या. शेअरचे व्यवहार ‘वायद्या’वर: पैसे आज नाही, पुढच्या तारखेला. अ ने ब ला विकायचं, ब ने क ला, आणि प्रत्येकाचं देणं पुढच्याने दिलं तरच फिटणार. १८६५मध्ये युद्ध संपल्याची खबर आली, कापूस कोसळला. १ जुलै १८६५ या वायद्याच्या तारखेला कोणीच कोणाला देऊ शकला नाही. सरकारचं भांडवल असलेली बँक ऑफ बॉम्बेसुद्धा यात बुडाली. तिच्या जागी १८६८मध्ये त्याच नावाची नवी बँक काढावी लागली, ती पुढे १९२१मध्ये इम्पीरियल बँकेत आणि त्यातून १९५५मध्ये स्टेट बँकेत गेली. त्या बँकेनेच सट्टेवाल्यांना शेअरच्या तारणावर कर्जं दिली होती. तारण आणि कर्जदार दोघंही एकाच दिवशी पडले. यात कुठे पीएमसी दिसते का पाहा.

सोसायटी_सचिव_मुलुंड
मंगळवार, सकाळी ७:५०

मी इथे फारशी लिहीत नाही, पण काल रात्री हा धागा वाचून झोप लागली नाही. आमच्या सोसायटीचा दुरुस्ती निधी एका सहकारी बँकेत मुदत ठेवीत आहे आणि थोडा एका पतसंस्थेत, कारण तिथे व्याज एक टक्का जास्त. पुनर्विकास जवळ आलाय. आमच्यासारख्यांचा या साखळीशी संबंध कसा ते कोणी सांगेल का?

पतपुरवठा_विभाग
मंगळवार, सकाळी ८:३०

ताई, बरं झालं विचारलंत. ठेव विमा प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत. ४ फेब्रुवारी २०२०ला तो १ लाखावरून वाढला. सोसायटी हा एकच ठेवीदार. सभासद शंभर असले म्हणून पाच कोटींचा विमा होत नाही. एकाच बँकेच्या चार शाखांत ठेवलं तरी सगळं मिळून ५ लाखच.

पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा अजिबात नाही, कारण ती बँक नाही. आणि पतसंस्था आपला पैसा बऱ्याचदा सहकारी बँकेतच ठेवते. म्हणजे बँक अडकली की पतसंस्थाही अडकते. तुमच्या दोन ठेवी तुम्हाला वेगळ्या वाटतात, कदाचित त्या वेगळ्या नसतील. पतसंस्थेच्या ताळेबंदात ‘गुंतवणूक’ या सदराखाली बँकांची नावं लिहिलेली असतात, वार्षिक अहवाल मागून घ्या.

पुनर्विकासाबद्दल: विकासकाने दिलेली बँक हमी कुठल्या बँकेची आहे ते बघा. विकासकाचं कर्ज, हमी आणि तुमच्या ठेवी तिन्ही एकाच बँकेत असतील तर समितीपुढे हा विषय घ्या.

रोखेबाजार
मंगळवार, सकाळी ११:००

सचिवताईंच्या प्रश्नातच या विषयाचा गाभा आहे. अनेकांशी जोडलेलं असणं चांगलं की वाईट? अ‍ॅलन आणि गेल या अर्थशास्त्रज्ञांनी २०००मध्ये दाखवलं की प्रत्येक बँक अनेक बँकांशी जोडलेली असेल तर एकीचा तोटा सगळ्यांत थोडा थोडा वाटला जातो आणि कोणी पडत नाही. गोलाकार साखळी, जिथे प्रत्येक जण फक्त शेजाऱ्यावर अवलंबून, ती जास्त ठिसूळ. नंतरच्या संशोधनाने, विशेषतः २०१५च्या सुमारास, यात महत्त्वाची पुरवणी जोडली: धक्का लहान असेल तर दाट जाळं तो शोषून घेतं, पण धक्का एका मर्यादेपलीकडे गेला तर तेच दाट जाळं तो सर्वांपर्यंत पोचवतं. म्हणून शांत वर्षांत सगळं मजबूत दिसतं, आणि ते दिसणं खोटंही नसतं.

रिझर्व्ह बँक वर्षातून दोनदा, साधारण जून आणि डिसेंबरात, वित्तीय स्थैर्य अहवाल काढते. त्यात अमुक बँक पडली तर किती भांडवल बुडेल याची चाचणी छापलेली असते. वित्तसंस्था सर्वांत मोठ्या कर्जदार आणि म्युच्युअल फंड व विमा कंपन्या सर्वांत मोठ्या देणाऱ्या, हे चित्र त्यात वर्षानुवर्षं दिसतं. नोव्हेंबर २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेने, बँकांनी वित्तसंस्थांना दिलेल्या कर्जावरचं जोखीम-वजन (त्यासाठी किती भांडवल बाजूला ठेवायचं याचं माप) २५ टक्के अंकांनी वाढवलं, ते याच काळजीपोटी. फेब्रुवारी २०२५मध्ये ते परत कमी केलं. बँकांच्या पातळीवर निदान कोणीतरी नकाशा काढतं. गाळ्यांच्या पातळीवर असा नकाशा कोणाकडेच नाही.

लोहारचाळ
मंगळवार, दुपारी २:२०

मग आम्ही तो कसा काढायचा? पार्टीला विचारलं तुझं गिऱ्हाईक कोण, तर सांगेल का? वाटेल की मी परस्पर जाऊन माल विकणार.

साकीनाका_हिशेबनीस
मंगळवार, रात्री ९:५०

विचारू नका, बघा. बरंच काही उघड उपलब्ध आहे आणि फुकट आहे.

पार्टीचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला की कोणत्या महिन्याचं विवरणपत्र कधी भरलं ते दिसतं. वर्षानुवर्षं वेळेवर भरणारा माणूस तीन महिने मागे पडला की समजावं रोकड आटली आहे, कारण जीएसटी शेवटपर्यंत टाळत नाहीत. ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव शोधलं की भविष्यनिर्वाह निधीचे भरणे आणि किती कामगारांसाठी भरले ते महिन्यागणिक दिसतं. संख्या उतरत असेल तर माणसं कमी होतायत. कंपनी असेल तर कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर कोणाचं कर्ज आणि कशावर बोजा हे कळतं. गेल्या सहा महिन्यांत नवीनच कुठल्यातरी वित्तसंस्थेचा दुसरा बोजा चढला असेल तर थोडं थांबा.

आता वरची पायरी. माल कुठल्या साइटवर उतरतो हे तुमच्या चलनावर आणि ई-वे बिलावर लिहिलेलंच असतं. त्या पत्त्यांची यादी करा. महारेराच्या संकेतस्थळावर तो प्रकल्प शोधा: विकासक कोण, पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे गेली, खटले किती. ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचं रेरामुळे बंधनकारक झालं, त्याने एका प्रकल्पाचा पैसा दुसऱ्या जमिनीत जाण्याला बराच आळा बसला. पण कर्जाऊ आलेल्या पैशाला ते कुंपण नाही, आणि आपली बिलं बहुधा त्याच पैशातून निघतात. मोठ्या विकासकाच्या पतमानांकनाची पत्रकं संस्थांच्या संकेतस्थळावर असतात. ‘माहिती देण्यास असहकार्य’ असा शेरा दिसला तर नवीन माल पाठवायच्या आधी जुनं बिल मागा.

मी माझ्या अशिलांसाठी एक कागद करायला लागलोय: डावीकडे पार्ट्या, मधे साइट, उजवीकडे विकासक आणि त्याला कर्ज देणारा. उजव्या रकान्यात तेच नाव दोनदा आलं की लाल खूण. बस, एवढंच. एका संध्याकाळचं काम आहे.

लोहारचाळ
मंगळवार, रात्री १०:४०

आज दुकान बंद करताना भाच्याला बसवून नऊ पार्ट्यांचे जीएसटी नंबर टाकायला लावले. दोन जण मागे आहेत, त्यातला एक आमचा मोठा. उद्या त्याला भेटतो, फोनवर नाही. एक विचारायचं होतं, ते बिल डिस्काउंटचं पोर्टल आहे त्याचा आमच्यासारख्यांना उपयोग आहे का?

साकीनाका_हिशेबनीस
मंगळवार, रात्री ११:१५

ट्रेड्स म्हणताय. आरएक्सआयएलसारखे मंच आहेत. पुरवठादाराने बिल चढवायचं, खरेदीदाराने मान्य करायचं, मग बँका बोली लावतात आणि पैसे एक-दोन दिवसांत खात्यात. व्यवहार ‘विदाउट रिकोर्स’ असतो, म्हणजे खरेदीदाराने पुढे बँकेला दिले नाहीत तरी बँक तुमच्याकडे परत मागू शकत नाही. साखळी तिथे खरोखर तुटते, म्हणून मला हा उपाय सगळ्यात आवडतो. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५पर्यंत नोंदणी सक्तीची केली होती.

अडचण ‘खरेदीदाराने मान्य करायचं’ या टप्प्यात आहे. नोंदणी सक्तीची, बिल मान्य करणं सक्तीचं नाही. तुमच्या मोठ्या पार्टीला उद्या भेटाल तेव्हा थकबाकीच्या आधी हे विचारा: त्यांच्यावरच्या कंपनीची ट्रेड्सवर नोंदणी आहे का, आणि तिथे त्यांची स्वतःची बिलं मान्य होतात का. त्यांचे सुटले तर तुमचे सुटतील. काय म्हणाले ते इथे लिहा, मी सेक्शनवाल्यांनाही तेच सांगतो.